कपाटातलं कुरण

दोसिमखानच्या कपाटातलं गवत नाहीसं झालंय हे त्याला शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता कळलं. बाह्या कोपरापर्यंत सरसावून, हातात पातेलं घेऊन तो नेहमीसारखा माशांच्या टाकीखालच्या कपाटापुढे बसला आणि दार उघडलं. आत दिवा चालू होता, पंप चालू होता, पाणी वाहत होतं. गवत तेवढं नव्हतं. त्यानं पाण्यात हात घालून चारी कोपरे चाचपले. एक गोगलगाय हाताला लागली. तिलाच त्यानं विचारलं, "कुठे गेलं गं?"

हे गवत समुद्रातलं होतं. हिरवंगार, तारेसारखं चिवट आणि केसांच्या गुंतवळासारखं गोळा झालेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भांडी घासायची घासणीच वाटायची. दोसिमखानची बायको रौशान शाळेत जीवशास्त्र शिकवायची. अल्माटीहून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच, म्हणून तिनं समुद्रच घरी आणला होता: तीनशे लिटर, चौथ्या मजल्यावर, सोफ्याच्या समोर. वर काचेच्या टाकीत पोवळी आणि दोन नारिंगी पट्टेरी मासे, खाली कपाटात दुसरी छोटी टाकी आणि तिच्यात हे गवत. त्या टाकीला ती जैलाऊ म्हणायची. लोकांची कुरणं डोंगरावर असतात, आमचं कपाटात आहे, असं पाहुण्यांना सांगायची.

"मासे खातात, मासे घाण करतात," तिनं एकदा नवऱ्याला समजावलं होतं. "घाणीचं खत होतं. ते खत गवत खातं. गवत आपण उपटून काढतो, म्हणजे खत घराबाहेर गेलं. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," असं म्हणून तो टीव्हीकडे वळला होता.

रौशान जाऊन चौदा महिने झाले होते आणि आता त्याला सगळं समजत होतं. ती एक चौकटीची वही ठेवून गेली होती. त्यात वारावार कामं लिहिलेली. ट्रॉलीबसच्या आगारात एकतीस वर्षं वायरमन म्हणून काढलेल्या माणसाला लिहून दिलेलं काम बरोबर करता येतं. शुक्रवारच्या ओळीत लिहिलं होतं, 'गवत अर्धं काढणे. क.' हा क म्हणजे कचरा, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. चौदा महिने दर शुक्रवारी तो अर्धं गवत पातेल्यात काढायचा, खाली उतरायचा आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून यायचा. पाणी आरशासारखं होतं.

आजच गवत जायला नको होतं. कारण रविवारी येलामान येणार होता.

येलामान हा शहरातल्या समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांच्या मंडळातला. धंद्यानं दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याला पाठवत होती दोसिमखानची मुलगी नाझीम, जी अस्तानाला असते आणि बापाची काळजी फोनवरून करते. तिचं म्हणणं, टाकी आईची होती, आईला ती कळायची, पापांच्या गळ्यात हे लोढणं कशाला. दोसिमखान नाही म्हणाला. ती हो म्हणाली. शेवटी तह असा झाला की येलामान येऊन काचेच्या नळीत पाणी घेईल आणि त्यातल्या खताची परीक्षा करेल. नळी फिकट गुलाबी राहिली तर टाकी पापांची. लाल झाली तर मासे, पोवळी, काच, सगळं येलामान उचलून नेईल आणि त्या जागी नाझीम एक आरामखुर्ची पाठवेल. दोसिमखाननं तह आनंदानं मान्य केला होता, कारण त्याची नळी वर्षभर फिकटच होती.

ती आरामखुर्ची आता त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली. पायाखाली घ्यायच्या पाटीसकट.

पहिला संशय पंपावर गेला. त्यानं पंप काढून पूर्ण खोलला. आत गवत नव्हतं, उलट बसवताना एक वायसर उरला. मग संशय माशांवर गेला. दोन्ही मासे काचेला तोंड लावून त्याच्याकडे बघत होते, ज्यांनी काही केलेलं नसतं आणि ज्यांना नाश्ताही मिळालेला नसतो अशा चेहऱ्यानं. येलामानला विचारणं शक्य नव्हतं. येलामानला कळलं की फोन खाली ठेवायच्या आत नाझीमला कळायचं. म्हणजे नवं गवत स्वतःच आणायला हवं होतं, आणि तेही आजच.

समुद्रातली वनस्पती अल्माटीत कुठे मिळते, हे इथल्या कुणालाही विचारा. बाजारातल्या कोरियन बायकांच्या रांगेत. तिथे गाजराच्या कोशिंबिरीशेजारी समुद्री कोबीचा ढीग असतोच. दोसिमखान लहानपणापासून ती खात आला होता. दुकानात दुसरं काही नसायचं तेव्हासुद्धा समुद्री कोबीचे डबे असायचे. समुद्रातलं ते समुद्रातलं, असा त्यानं विचार केला. तांब्याच्या तारेच्या जागी ॲल्युमिनियमची चालते, थोडी जाड घ्यावी लागते, एवढंच.

रांगेत तिसरं दुकान रिम्मा ख्यगाईचं. ही त्याच्याच इमारतीत, बरोबर त्याच्या खालच्या घरात राहायची. रौशानची मैत्रीण होती, आणि जिभेला तिच्या कोशिंबिरीइतकंच तिखट होतं.

"ताजी आहे का गं समुद्री कोबी? मसाला न लावलेली?"

"ताजी? दोसेके, समुद्रापासून इथे यायला तिला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात मी चालत येईन. वाळवलेली आहे. भिजवली की फुगते."

"म्हणजे जिवंत होते?"

रिम्मानं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "माझ्या हातची खाऊन माणसं जिवंत होतात. कोबीचं मला माहीत नाही. किती जणांसाठी हवीय?"

"दोघांसाठी," दोसिमखान म्हणाला, कारण मासे दोन होते. आणि मग सावधगिरी म्हणून त्यानं तीन पुड्या घेतल्या. एक पुडी सात जणांना पुरते हे रिम्मा सांगत होती, पण तो तोवर बसच्या रांगेत पोचला होता.

घरी येऊन त्यानं तिन्ही पुड्या कपाटातल्या टाकीत सोडल्या. काळपट पट्ट्या पाण्यावर तरंगत राहिल्या, जुन्या कातडी कमरपट्ट्यांचे तुकडे असावेत तशा. तासाभरानं बघितलं तर त्या हिरव्या झाल्या होत्या. त्याला इतका आनंद झाला की त्यानं माशांना दुप्पट खाऊ घातलं. संध्याकाळी टाकी काठोकाठ हिरवी होती. दिव्याखाली छान दिसत होती. तो शांतपणे झोपला.

शनिवारी सकाळी सात वाजता दार वाजलं. दारात रिम्मा उभी होती. अंगात झगा, पायात रबरी बूट, हातात चिनीमातीचा वाडगा.

"दोसेके," ती म्हणाली, "माझ्या छतातून सूप गळतंय. मीठ बरोबर आहे. लसूण कमी पडलाय."

दोघं आत गेले. कपाटाखाली तळं झालं होतं. समुद्री कोबी रात्रभर फुगत राहिली होती आणि पंपाकडे जाणारी वाट तिनं बूच मारल्यासारखी बंद केली होती. वरच्या टाकीतून पाणी येत होतं, जायला जागा नव्हती, म्हणून ते जमिनीतून रिम्माकडे गेलं होतं. दोसिमखान गुडघ्यांवर बसून कोबी ओढायला लागला. एकेक पट्टी हातभर लांब आणि बुळबुळीत. पहिलं पातेलं भरलं, मग बादली, मग कपडे धुवायचं घमेलं. रिम्मा फरशी पुसत होती. घमेलं भरत आलं तेव्हा तिनं एक पट्टी उचलून उजेडात धरली.

"हा माझा माल आहे," ती म्हणाली.

दोसिमखाननं तिला सगळं सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. रिम्मा ऐकता ऐकता फडक्यासकट भिंतीला टेकून बसली आणि इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं.

"म्हणजे वायर जळली म्हणून तुम्ही शेवया जोडल्यात," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि गेलं ते कसं होतं? रौशानचं?"

"हिरवं. तारेसारखं. घासणीसारखा गोळा."

"ते? ते तर कलामकास आपा घेऊन गेली. काल सकाळी जिन्यात भेटली मला. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, आपा, काय नेताय? म्हणाली, सारकित."

दोसिमखान होता तिथे बसून राहिला.

कलामकास ही त्याची थोरली बहीण, जारकेंतला राहते. गुरुवारी रौशानच्या वाढदिवसाचं तिच्या नावानं जेवण ठेवलं होतं, त्यासाठी ती आली होती. सात शेल्पेक पोळ्या तळल्या, मांस शिजलं, वीस माणसं जेवली. शुक्रवारी सहाच्या गाडीनं ती निघाली. दोसिमखान आदल्या दिवसाच्या धावपळीनं थकून सोफ्यावर आडवा झाला होता. ती त्याच्या डोक्याशी येऊन म्हणाली होती, "दोसिम, सारकित घेऊ ना?" आता जेवणावळीनंतर उरलेलं पाहुण्याला बांधून द्यायचं, हे काय विचारायचं असतं? डोळे न उघडता तो म्हणाला होता, "घे ना आपा." ती म्हणाली होती, "किती घेऊ?" आणि तो म्हणाला होता, हे त्याला आता अगदी शब्दन् शब्द आठवलं, "सगळं घे. मी एकटा काय करू त्याचं?"

मांसाचं पातेलं फ्रिजमध्येच होतं. काल दुपारी त्यानंच त्यातलं खाल्लं होतं आणि आपा काहीच कसं घेऊन गेली नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं होतं.

त्यानं फोन लावला. कलामकास फोनवर बोलताना मधलं अंतर आवाजानं भरून काढते, त्यामुळे रिम्मालाही सगळं ऐकू येत होतं.

"आपा, ते गवत..."

"मिळालं रे बाबा एकदाचं. कोंबड्या वेड्या झाल्यात. सव्वा वर्षानं मिळालं त्यांना."

"कोंबड्या?"

"मग काय मी खाते? रौशान दर महिन्याला पाठवायची, वाळवून, पुडीत बांधून. दर शुक्रवारी माझ्यासाठी काढून साठवायची. बारीक करून दाण्यात घातलं की बलक कसा येतो, जर्दाळूसारखा. तुला अंडी यायची ना माझी, ती कशाची होती असं वाटलं तुला?"

दोसिमखानला वाटलं होतं, बहिणीच्या प्रेमाची. रौशान असताना दर महिन्याला जारकेंतच्या गाडीवरून अंड्यांची टोपली यायची. ती गेल्यावर टोपली बंद झाली. भावजय गेली, आता भावाशी काय देणंघेणं, असं आपाच्या मनात असेल असं समजून तो गप्प राहिला होता. एकदाही विचारलं नव्हतं.

"मला वाटलं तू रागावलीस," तो म्हणाला.

"मी कशाला? गवत तू बंद केलंस. मला वाटलं दोसिम रागावला. रौशानच्या दुखण्यात मी उशिरा आले म्हणून."

 

दोसिमखाननं वही ओढून शुक्रवारचं पान काढलं. 'गवत अर्धं काढणे. क.' तो क बराच वेळ बघत राहिला. "आपा," तो म्हणाला, "मी ते कचऱ्यात टाकत होतो."

"ओबाल," कलामकास म्हणाली. अन्न वाया घालवणाऱ्याला आमच्याकडे एवढा एकच शब्द पुरतो. मग तिचा आवाज परत वाढला. "आता रडू नकोस. सगळं नाही घातलं कोंबड्यांना. एक बरणी भरून ठेवलंय, मिठाच्या पाण्यात. समुद्रातलं आहे, मीठ लागतं, एवढं कळतं मला. उद्याच्या पहिल्या गाडीनं पाठवते."

मूठभर गवत जिवंत आलं तरी पुरे होतं. महिन्याभरात टाकी परत भरते, असं वहीत लिहिलेलं होतं. दोसिमखाननं खात्री म्हणून पाण्याची परीक्षा करून बघितली. कोबीनं आणि दुप्पट खाऊनं आपलं काम केलं होतं. नळी बीट उकडलेल्या पाण्यासारखी लाल झाली. वरच्या टाकीत रौशानचं आवडतं पोवळं, जे एरवी पसरलेल्या बोटांसारखं हलायचं, ते मूठ मिटून बसलं होतं.

रविवारी तो सकाळीच गाडीतळावर गेला. ड्रायव्हरनं बरणी दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाला, "आगा, वाटेत झाकण उघडून बघावंसं वाटत होतं, वास फार चांगला येतोय." दोसिमखानला तिथेच शंका यायला हवी होती. घरी येऊन झाकण उघडलं तर आत शेपू होता, लसूण होता, दोन तमालपत्रं आणि चार काळे मिरे होते. काकड्यांच्या लोणच्याचं पाणी होतं ते. मीठ त्यात होतंच. गवत शेवाळी रंगाचं, मऊ आणि पूर्णपणे मेलेलं होतं.

रिम्मानं बोटानं एक काडी उचलून चावली. बराच वेळ चावली. "व्हिनेगर हवं," ती म्हणाली.

एवढ्यात येलामान आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, मोजे बदलून आलेला नीटनेटका माणूस. त्याच्या हातातली पिशवी दोसिमखाननं मिठाई समजून चपलांच्या फळीवर ठेवली आणि त्याला टाकीच्या उलट्या बाजूला तोंड करून बसवलं. मग चहा सुरू झाला. पाहुण्याला वाडगा भरून चहा देणं म्हणजे आता निघा म्हणणं. मान द्यायचा तर घोट घोट द्यायचा. दोसिमखाननं इतका मान दिला की वाडग्याचा तळ जेमतेम ओला होत होता. येलामाननं तेरा वाडगे घेतले. रिम्मानं गाजराची कोशिंबीर आणली, मग दुसरी आणली. तिनं आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं, मग त्याला कवळीचा भाव विचारला, तिला गरज नसताना.

"आगा," शेवटी येलामान म्हणाला, "मला आता चहा नको. पाणी बघू द्या."

त्यानं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं थांबायचं होतं. नळी गुलाबी झाली आणि तिथे थांबली नाही. नाझीमचा चेहरा तोवर येलामानच्या फोनमध्ये आला होता.

"काय रंग?" तिनं विचारलं.

"लाल," येलामान म्हणाला. कवळ्या बनवणारा माणूस रंगाच्या बाबतीत खोटं बोलू शकत नाही.

"बघा पापा. मी म्हणत नव्हते?"

येलामाननं खाली वाकून कपाट उघडलं, रिकामी टाकी बघितली. "गवत कुठंय?"

"माझ्या बहिणीच्या कोंबड्यांनी खाल्लं," दोसिमखान म्हणाला. "उरलं त्याचं लोणचं झालं."

आणि मग त्यानं वही उघडून येलामानसमोर धरली, आणि तो क, कचऱ्याची पेटी, अंड्यांची टोपली, तीन पुड्या आणि रिम्माचं छत, सगळं क्रमानं सांगितलं. त्यात त्यानं स्वतःला कुठे वाचवलं नाही. येलामान खाली मान घालून ऐकत होता. त्याचे खांदे हलत होते, पण तो हसतोय असं दिसू न देण्याइतका चांगल्या घरचा होता.

"आगा, माझी पिशवी कुठंय?" त्यानं विचारलं.

चपलांच्या फळीवरून पिशवी आणली. तिच्यात पाणी होतं आणि पाण्यात मुठीएवढा, हिरवागार, तारेसारखा गोळा.

"रिकाम्या हातानं कसा येऊ म्हणून आणलं होतं," येलामान म्हणाला. "तुमच्याकडे भरपूर असेल हे माहीत होतं, पण दुसरं काय आणणार? आणि हे तुमचंच आहे. सहा वर्षांपूर्वी रौशान आपांनी मला दिलं, याच कपाटातून. मी चौघांना दिलं, त्यांनी आणखी कुणाकुणाला. या शहरात ज्या टाकीत हे गवत आहे, तिथे ते इथून गेलंय. आपा म्हणायच्या, सारकित आहे, नाही म्हणायचं नाही."

दोसिमखाननं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. पिशवीतलं पाणी जरा कोमट होतं.

"मग टाकी कधी नेताय?" नाझीमनं फोनमधून विचारलं. पण तिचा आवाज मघासारखा नव्हता.

"नाझीम," येलामान म्हणाला, "ज्या घरचं सारकित नेलं, त्या घरचा हंडा मी उचलून नेऊ का? लोक काय म्हणतील? पाणी महिन्यात उतरेल. मी दर रविवारी येऊन बघीन."

मग नाझीम म्हणाली, "पापा, अंडी सुरू झाली की डझनभर मला पण पाठवा. आणि त्याला आता एक वाडगा भरून चहा द्या, बिचारा सुटेल."

गवत टाकीत सोडलं. पहिले दोन आठवडे ते तसंच पडून राहिलं, मग वाढायला लागलं. पोवळ्याची मूठ तिसऱ्या आठवड्यात उघडली. सहाव्या शुक्रवारी दोसिमखाननं अर्धं गवत काढलं, उन्हात वाळवलं, वर्तमानपत्रात बांधलं आणि जारकेंतच्या गाडीवर दिलं. वहीत त्यानं त्या क च्या पुढे बॉलपेननं आपाचं उरलेलं नाव लिहून टाकलं, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. अंडी आली. बलक खरंच जर्दाळूसारखा होता. लोणच्याची बरणी रिम्मानं दुकानात नेली आणि व्हिनेगर घालून विकली. ज्यानं घेतली ते गिऱ्हाईक परत आलं नाही, पण त्यानं तक्रारही केली नाही.

रिम्माच्या स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग पडलाय. दोसिमखाननं पांढऱ्या रंगाचा डबा आणून ठेवलाय, ब्रश आणलाय, शिडी आगारातून मागून आणलीय आणि ती जिन्यात उभी आहे. छत रंगवायचं अजून राहिलंय.